पाटीवरचा व्यापारी

२००८ च्या सुरुवातीला माझं काम पाट्या लिहिण्याचं होतं. पुण्यात आर्किटेक्चर केलं, मग जुन्या इमारतींच्या जतनाचा कोर्स केला, लग्न करून नवऱ्यामागे शारजाला आले आणि अल नहदाच्या एका टॉवरमध्ये संसार मांडला. रस्त्याच्या पलीकडे दुबई, अलीकडे आम्ही. नवरा एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होता. मला बरेच दिवस नोकरी नव्हती, कारण ज्या देशात सगळं नवं बांधायचं चाललं होतं तिथे जुन्याची डागडुजी शिकलेल्या बाईला कोण विचारणार? मग दुबईतल्या एका छोट्या कन्सल्टन्सीने मला बोलावलं. उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावात खाडीलगतचा जुना मोहल्ला सरकार हेरिटेज भाग म्हणून उभा करणार होतं. घरं मोजायची, त्यांची माहिती काढायची आणि प्रत्येक घरावर लावायच्या पितळी पाटीचा मजकूर लिहायचा, असं माझं काम.

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत.

मोहल्ल्यातली घरं समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडांची होती. हात लावला की भुगा निघायचा, आणि नीट पाहिलं तर दगडात शिंपल्यांचे ठसे दिसायचे. मालक लोक कधीच नव्या व्हिलांमध्ये राहायला गेले होते. खोल्यांमधून बांगलादेशी आणि पठाण कामगार दाटीवाटीने राहत होते, तेही एकेक करून बाहेर काढले जात होते. मी टेप घेऊन भिंती मोजायचे, फोटो काढायचे आणि दुपारी गाडीत एसी लावून डबा खायचे. खरं सांगायचं तर त्या देशात आल्यापासून पहिल्यांदाच मला आपण काहीतरी आहोत असं वाटत होतं.

सगळ्यात मोठं घर खाडीच्या तोंडाशी होतं. खाली लांबट खोल्या, मधे चौक, वर एकच खोली, आणि त्या खोलीला सागवानी तुळया. एका दुपारी मी चौकात वाकून फरशीचं माप घेत होते, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "इकडे ये."

मी दचकून वळले. दारात एक म्हातारी अरब बाई उभी होती. काळा अबाया, चेहऱ्यावर जुन्या बायका लावतात तो चकचकीत मुखवट्यासारखा बुरखा, हातात कसलीशी पिशवी. मागे तिचा पठाण ड्रायव्हर. ती पुन्हा म्हणाली, "इकडे ये. बस."

"तुम्हाला मराठी येतं?" मी विचारलं.

ती हसली. नुसते डोळे हसताना दिसले. "थोडा-थोडा. खलाशी लोग बोलता था. ये मेरा घर है."

तिला सगळे खाला म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. अरबीतही मावशी आणि हिंदीतही मावशी, त्यामुळे सोयीचं होतं. ती दर आठवड्याला मांजरांना मासे घालायला यायची. मोडक्या चौकात ड्रायव्हर तिच्यासाठी खुर्ची टाकायचा, ती थर्मासमधला बिनदुधाचा सुलेमानी चहा मला द्यायची आणि बोलायची. तिची हिंदी गल्फमधली, व्याकरणाच्या भानगडीत न पडणारी. पण बाई गोष्ट सांगण्यात पटाईत होती.

तिचे वडील मोत्यांच्या बोटींवर पाणबुडे होते. एका उन्हाळ्यात गेले ते परत आलेच नाहीत. पुढे मोत्यांचा धंदाच बुडाला, जपानी मोती आले आणि अख्खा किनारा उपाशी पडला. आई, दोन मुली आणि वडिलांच्या वाट्याचं हे घर, तेव्हा ते खाली दोनच खोल्यांचं. त्या काळी हिंदुस्थानातून शिडाची गलबतं यायची. तांदूळ, कौलं, नारळ, लाकूड घेऊन. रत्नागिरीकडची, मलबारातली. वारा फिरेपर्यंत खलाशांना थांबून राहावं लागायचं. कोणी त्यांना जागा देत नव्हतं. खालाच्या आईने दिली.

"मेरी माँ बोली, मर्द मर गया तो घर भी मर जाएगा क्या?" खाला सांगत होती. एका खोलीत खलाशी, दुसरीत आई आणि मुली. आई त्यांच्यासाठी रांधायची, त्यांची शिडं शिवायची. ते बदल्यात धान्य द्यायचे, गूळ द्यायचे. एका वर्षी खाडीच्या तोंडाशी एक गलबत फुटलं, तर खलाशांनीच त्याच्या तुळया आणून वरची खोली बांधून दिली. वर मान करून मी ज्या सागवानी तुळया मोजत होते, त्या ह्याच.

"लोग क्या बोलते थे?" मी विचारलं.

"कोई बात नहीं करता था माँ से. आगे के दरवाज़े से कोई नहीं आता था." तिने माझा पेला पुन्हा भरला. "फिर भूख का साल आया. तब सब औरत लोग आया. पीछे के दरवाज़े से. चावल के लिए. माँ सबको दिया. किसी को ना नहीं बोला."

मग तिने माझ्या हातातल्या क्लिपबोर्डवर बोट ठेवलं. "तू लिखता है ना, हर घर का? मेरे घर का लिख, ये मेरी माँ का घर है. बस इतना."

आईचं नावही तिने सांगितलं. दोन-तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून, उच्चार नीट येईपर्यंत.

मी लिहिलं. त्या कामात मी एवढा जीव कधीच ओतला नव्हता. विधवेने एकटीने चालवलेलं खलाशांचं घर, कोकणातून आलेलं लाकूड, भुकेच्या वर्षात वाटलेला तांदूळ, हे सगळं पाटीवर मावेल अशा चार ओळींत बसवलं. पूर्वी मोहल्ल्यात राहिलेल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून खात्री केली. दोघांनीही इकडेतिकडे बघत मान डोलावली, आणि एक म्हणाला, "हाँ, सच है, पर तुमको कौन बोला?" आमचा डायरेक्टर, वीस वर्षं गल्फमध्ये मुरलेला लेबनीज गृहस्थ, मजकूर वाचून खूश झाला. "हबीबी, धिस इज गोल्ड," म्हणाला. "स्त्रीशक्ती! क्लायंटला हेच पाहिजे."

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तेव्हा दिवसाचे चौदा तास साइटवर असायचा. "चांगलंय," म्हणाला आणि झोपला. पण मुलीला मी झोपताना ती गोष्ट सांगायचे. ती पाच-सहा वर्षांची. "व्हॉट वॉज द लेडीज नेम?" ती विचारायची. मी सांगितलं की ती उच्चार अचूक करायची, कारण शाळेत अरबी होतं.

दिवाळीच्या सुमारास वारं बदललं. आधी कोणी मानायलाच तयार नव्हतं. मग नवऱ्याच्या कंपनीतले दोन प्रकल्प एका आठवड्यात थांबले. आमच्या बाल्कनीतून दिसणाऱ्या क्रेन्स एकेक करून स्तब्ध झाल्या. बिल्डिंगमधलं एक मराठी कुटुंब फर्निचर तसंच टाकून पुण्याला निघून गेलं. गणपतीत ज्यांच्याबरोबर आरत्या म्हटल्या त्यांच्याकडून निरोपाचा फोनही नाही. आमच्या ऑफिसातही बजेट कापलं जाऊ लागलं. प्रवाळाचे दगड, चुना, जुन्या पद्धतीचं काम करणारे गवंडी, हे सगळं महाग ठरलं. ठरलं असं की मोठी घरं पाडायची आणि सिमेंटच्या ब्लॉकमध्ये तशीच्या तशी बांधायची. वरून असा गिलावा करायचा की जुनी वाटतील. "कोणाला कळणार आहे?" डायरेक्टर म्हणाला.

मी म्हटलं, "मला."

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं.

पाट्यांच्या मंजुरीची मीटिंग त्यानंतर झाली. समितीतले चार-पाच लोक, डायरेक्टर, मी, आणि घराचा कागदोपत्री मालक, म्हणजे खालाच्या बहिणीचा मुलगा. खालाच्या वाट्याला घराची मालकी आलीच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. भाचा चाळिशीचा असेल. पांढरा शुभ्र पायघोळ कंदुरा, परदेशात शिकलेलं इंग्रजी, वागायला अगदी अदबशीर. माझा मजकूर वाचून त्याने कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"हे बरोबर नाही," तो म्हणाला. "माझे आजोबा मोत्यांचे व्यापारी होते. हे त्यांचं घर."

डायरेक्टरने लगेच पेन काढलं.

मी म्हटलं, "सर, तुमच्या मावशींनी मला स्वतः सांगितलं. शेजारच्यांनीही दुजोरा दिला. आजोबा पाणबुडे होते."

"माझी मावशी म्हातारी झाली आहे," तो शांतपणे म्हणाला. "आमच्या घरात परके पुरुष राहत होते, असं तुम्ही पितळेवर कोरून भिंतीवर लावणार? माझ्या मुलांनी ते वाचायचं?"

समितीतला एक वयस्क माणूस त्याच मोहल्ल्यातला होता. त्याची आईही मागच्या दाराने आली असणार. तो चहाच्या पेल्यात बघत राहिला.

"त्या बाई हयात आहेत," मी म्हटलं. "गाडीने दहा मिनिटांवर राहतात. त्यांना बोलावून विचारू या ना."

माझा आवाज जरा चढला असावा. भाच्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याने डायरेक्टरला अरबीत काहीतरी सांगितलं, सगळे हसले आणि पुढच्या घराच्या पाटीचा मजकूर चर्चेला घेतला गेला.

परतताना गाडीत डायरेक्टर म्हणाला, "तू त्याला त्याच्या लोकांसमोर खोटं पाडलंस."

"तो खोटंच बोलत होता."

"सो व्हॉट? घर त्याचं आहे."

महिन्याभरात आमच्या ऑफिसातून माणसं कमी केली गेली. त्यात मी होते. मीटिंगमुळे की मंदीमुळे, हे मला कोणी सांगितलं नाही आणि आजही माहीत नाही. इतरही गेले होते, त्यामुळे मला बोट दाखवायलाही जागा राहिली नाही. डायरेक्टरने हात हातात घेऊन सांगितलं, "परिस्थिती सुधारली की तुलाच पहिला फोन करीन, इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाचा अर्थ तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला कळतो.

घरी नवरा आधीच धास्तावलेला. त्याचा पगार कापला होता, उद्या व्हिसा राहील की नाही ठाऊक नव्हतं. मी त्याला नोकरीचं आणि मीटिंगचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय पडलं होतं? घर त्यांचं, देश त्यांचा, आजोबा त्यांचा. व्यापारी म्हणाले तर व्यापारी लिहायचं. त्यांनी राजा म्हटलं असतं तर राजा लिहायचं."

"मग माझं काम काय?"

"पगार घेणं," तो म्हणाला. "आपण सगळे इथे त्यासाठीच आलोय. तू काय समजून आली होतीस?"

तो वाईट माणूस नाही. पण ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं ते आलंच.

नोकरी गेल्यावर मी एकदाच तिकडे गेले. कोणी बोलावलं नव्हतं. मुलीला शाळेत सोडलं आणि गाडी घेऊन निघाले. खाडीजवळ पोचले तेव्हा जेसीबी त्या घराचा वरचा मजला खाली घेत होता. धूळ पांढरी होती, पिठासारखी. रस्त्याच्या पलीकडे एक गाडी उभी होती, इंजिन चालू, काचा बंद. मागच्या सीटवर खाला.

मी काचेवर टकटक केली. तिने काच खाली घेतली.

"देख," ती म्हणाली. "तेरा साहब बोला, फिर बनाएगा. पुराना बनाएगा."

"खाला, मेरा साहब नहीं है अभी. मुझे निकाल दिया."

तिने माझ्याकडे बघून मान हलवली, जणू ह्यात नवीन काही नाही. सागवानी तुळया तोडून ट्रकमध्ये टाकत होते. कुठे चालल्या आहेत असं मी मुकादमाला विचारलं, तर म्हणाला, "पिक्चर की शूटिंग है मॅडम, आग के सीन में जलाएगा." खरं की थट्टा, कळलं नाही. मी खालाला ते सांगितलं नाही. तिला विचारलं, "भाचे को आपने कुछ बोला नहीं?"

"बोला. वो बोला, खाला, तू भूल गई." जेसीबीकडे बघत ती पुढे म्हणाली, "इतना बार बोला, इतना बार बोला, कभी-कभी मैं सोचती, सच में भूल गई क्या?"

मला तेवढं सहन झालं नाही. मी म्हटलं, "नहीं भूली. मेरे पास सब लिखा है."

"तेरे पास रहके क्या होगा," ती म्हणाली. रागाने नाही. मग ड्रायव्हरला "यल्ला", म्हणजे चल, म्हणाली आणि काच वर गेली.

त्यानंतर मी तिला फोन करायचे, तिच्या ड्रायव्हरच्या नंबरवर. ईदला, दिवाळीला. ती विचारायची, "काम मिला?" मी नाही म्हणायचे. मला पुढे एका किचन कॅबिनेटच्या शोरूममध्ये नोकरी लागली. तिथेही ग्राहकांना जुन्यासारखं दिसणारं नवं लाकूडच हवं असायचं. एका ईदला ड्रायव्हरनेच फोन उचलला. "खाला? खलास, मॅडम. रमज़ान के पहले." दफन कुठे झालं हे त्याला सांगता आलं नाही, किंवा सांगायचं नव्हतं.

घर बांधून पुरं झालं, मंदी ओसरली आणि मोहल्ल्याचं थाटात उद्घाटन झालं. मी गेले नाही. पण मुलीची शाळा गेली. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची. सहल सामाजिक शास्त्राची होती. जाताना मी तिला आठवण करून दिली, "खाडीवरचं मोठं घर असेल बघ, तेच खालाचं."

संध्याकाळी ती घरी आली ती दप्तर फेकतच.

"काय झालं गं?"

"देअर वॉज अ मर्चंट, आई. अ पर्ल मर्चंट. बोर्डवर लिहिलंय. गाइडने सांगितलं. त्याचा सेलिंग बोटीचा मॉडेलपण ठेवलाय." तिचा चेहरा लाल झाला होता. "मी हात वर केला. मी सांगितलं, नो, अ विडो लिव्हड हिअर, अँड इंडियन सेलर्स. टीचर म्हणाल्या, बेटा, रीड द बोर्ड. सगळे हसले."

"तू बरोबर होतीस."

"हाऊ डू यू नो? यू डोंट इव्हन वर्क देअर!" ती रडायला लागली. "तू काहीपण गोष्टी सांगतेस. यू मेड मी लुक स्टुपिड."

मी माझी जुनी मापं, खालाच्या बोलण्याच्या नोंदी तिच्यासमोर आणून ठेवू शकले असते. उठलेही. पण दारात नवरा उभा होता. त्याने फक्त मान हलवली, नको म्हणून. पोरीला उद्या त्याच वर्गात बसायचं होतं. मी पुन्हा खाली बसले. त्या दिवसानंतर तिने मला त्या बाईचं नाव कधी विचारलं नाही. तिने ते विसरून जायचं ठरवलं होतं आणि लहान मुलं ठरवलं की खरंच विसरतात.

माझा राग कोणावर आहे, हे मला नीट सांगता येत नाही. भाच्यावर म्हणावं, तर त्याने आपल्या मुलांसाठी एक चारचौघांत सांगता येईल असा आजोबा बनवला. आपल्याकडेही घरोघरी असे आजोबा आहेत. डायरेक्टरला धंदा सांभाळायचा होता. नवऱ्याला आम्हाला सांभाळायचं होतं. टीचरला अभ्यासक्रम पुरा करायचा होता. प्रत्येकाचं कारण घेऊन बसलं की पटतं, आणि सगळी कारणं पटली की त्या बाईचं नाव कुठेच उरत नाही. इथे लिहितानाही मी ते लिहीत नाही. तिच्या माणसांना आवडणार नाही, आणि माझा व्हिसा अजून नवऱ्याच्या व्हिशावर आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. मुलगी आता दुबईत नोकरी करते. तिने आम्हाला जेवायला नेलं. कुठे, ते सांगितलं नाही, सरप्राइज होतं. गाडी उत्तरेकडे वळली तेव्हा मला कळलं. त्या घराच्या चौकात आता रेस्टॉरंट आहे. भिंतींना ठिकठिकाणी मुद्दाम भेगा ठेवल्या आहेत आणि आत पिवळे दिवे सोडले आहेत.

टेबलापाशी एक तरुण एमिराती मुलगी आली. तिथली गाइड. छान इंग्रजीत माहिती सांगू लागली. व्यापाऱ्याने आता बरंच बाळसं धरलं होतं. भुकेच्या वर्षात त्याने म्हणे आपली कोठारं उघडली आणि मोहल्ल्यातल्या सगळ्यांना तांदूळ वाटला.

माझा घास तोंडातच राहिला. "तांदूळ त्याने नाही वाटला," मी म्हटलं. "त्याच्या बायकोने वाटला. तो तेव्हा जिवंतच नव्हता."

टेबलाखाली मुलीने माझ्या पायावर पाय ठेवला. "आई, प्लीज. नॉट टुडे."

गाइड मात्र रागावली नाही. उलट तिचे डोळे चमकले. "ओ, सो स्वीट! अशी पण एक लोककथा आहे का? मी टूरमध्ये घालीन. लोकांना लोककथा फार आवडतात."

"लोककथा नाही," मी म्हटलं, "त्यांच्या मुलीनेच मला..." पण तोवर तिला दुसऱ्या टेबलावरून बोलावणं आलं होतं. ती हसून, मान लववून निघून गेली.

नवऱ्याने माझ्या ताटात मासा वाढला. मुलीने केक मागवला होता, वेटर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही तिघं एकमेकांना बिलगून बसलो आणि फोटो निघाला. चांगला आलाय.

परतताना शारजाच्या हद्दीवर नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबला होता. मुलगी गाडी चालवत होती. नवरा मागे वळून मला म्हणाला, "जागा छान केलीय, नाही?"

"हो," मी म्हटलं. "केलीय."